उसनं कारण : नागपूरच्या एका जोडप्याचं प्रकरण

ती पहिल्यांदा आली तेव्हा फेब्रुवारी होता. खुर्चीवर बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि मला शिंका सुरू झाल्या. तिनं झटकन हात पदराखाली घेतले. "मिरचीचा वास आहे मॅडम. कितीबी धुतलं तरी जात नाई."

वय ३१. माहेर भिवापूरकडचं, लग्नानंतर पूर्व नागपुरात. हंगामात कळमन्याकडच्या एका गोदामात लाल मिरचीचे देठ खुडायला जाते. माहेरच्या भागात अशा जागेला सातरा म्हणतात, तीही तेच म्हणते. दोन मुलं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. धाकट्याच्या बाळंतपणातच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. नवरा नागपूर–रायपूर ट्रक चालवतो, महिन्यातून आठ-दहा रात्री घरी असतो.

मी लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. मिरची मात्र बदलली नाही, कारण सगळी सुरुवातच तिथून झाली. तिची तक्रार होती की अंगावरून पांढरं जातं, जळजळ होते, ओटीपोटात दुखतं. कारण तिनं स्वतःच शोधून ठेवलं होतं : मिरचीचा हात लागत असेल. दोन महिने ती सातऱ्यावरून आली की आधी साबणानं कोपरापर्यंत हात घासायची, मग लघवीला जायची. हात नीट न धुता लघवीला गेलं तर मिरचीनं आग होते हे खरंच. पण मिरचीमुळे गर्भाशयाच्या तोंडाला सूज येऊन पाणी जात नाही. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा सूज स्पष्ट होती.

आमच्याकडे अशा लक्षणांसाठी रंग ठरलेल्या औषधांच्या डब्या असतात. तिच्या वाट्याला राखाडी आली : ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदाच, शक्यतो आमच्या समोर. एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी झाली, दोन्ही निगेटिव्ह. मग जोडीदाराला बोलावण्याची चिठ्ठी. मी नेहमीचं बोलले : हा संसर्ग संबंधातून येतो, दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं, पुढचे सात दिवस संबंध नाही, नंतर निरोध. तिनं मान डोलावली. चिठ्ठीची चार घड्यांची पुडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली.

मार्चमध्ये तेच दुखणं घेऊन आली. एप्रिलमध्ये पुन्हा. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "ताई, चिठ्ठी दिली का त्यांना?" तिनं पिशवीतून एक पुडी काढली. आत तिन्ही चिठ्ठ्या, एकीवर एक दुमडलेल्या. तांदळाच्या डब्यात ठेवल्या होत्या, कारण तिथे दुसरं कोणी हात घालत नाही.

मी चिडले नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण मग तिला म्हटलं, मी काय काय सांगितलं होतं ते आठवेल का? तिनं सगळं धडाधड सांगितलं, सात दिवसांसकट. ऑपरेशन झालं म्हणून आजार टळत नाही, हेही. एवढं पाठ असलेल्या बाईला मी तीन महिने तेच शिकवत होते.

फिशर या मानसशास्त्रज्ञ बंधूंनी १९९२ मध्ये एचआयव्ही प्रतिबंधासाठी एक साधी मांडणी केली होती : माहिती, प्रेरणा आणि जमवून आणण्याचं कौशल्य, या तिन्हींशिवाय वागणं बदलत नाही. आमच्या फ्लिपचार्टांत, म्हणजे समजावून सांगायच्या चित्रांच्या पानांत, पहिली गोष्ट ठासून भरलेली असते. बाकी दोन माणसानं घरून आणाव्यात अशी अपेक्षा.

तर मी फ्लिपचार्ट मिटला आणि विचारलं, चिठ्ठी दिली असती तर काय झालं असतं?

"ते म्हणन, ऑपरेशन झालं ना, आता निरोध कायले? म्हणजे तुले माह्यावर संशय हाय. नाईतं मग मलेच तुयावर घ्यावा लागन." थोडं थांबून ती म्हणाली, "दोन्हीकडून मीच."

यात तिचं एकटीचं असं काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची नसबंदी झालेली होती, निरोध ९.५ टक्के जोडप्यांत, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. १९६८ मध्ये सरकारनं निरोध बाजारात आणला तो कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या सोबतीनं, दोन मुलांच्या चित्रासह. लोकांच्या डोक्यात त्याचं काम एकच बसलं, मूल न होऊ देणं. ते काम ऑपरेशननं कायमचं संपवलं की घरात निरोधाला जागाच उरत नाही. मग त्याचा विषय काढणारी बाई काहीतरी दुसरंच सांगत असणार, असं नवऱ्याला वाटतं. आणि तसं वाटण्यात चूक काय? ती सांगतच असते.

मग मी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय हवंय? एचआयव्ही टाळायचाय, असं उत्तर मला अपेक्षित होतं. तिनं सांगितलं ते वेगळंच. सातऱ्यावर बायका जमिनीवर गोल करून बसतात, दिवसभर. कापड ओलं झालं की उठावं लागतं, आणि जितक्या वेळा उठलं तितकं खुडणं कमी, मजुरी किलोवर. पण त्याहून मोठं दुःख शेजारणीचं होतं. एकदा शेजारच्या बाईनं नाक मुरडून आपलं पोतं थोडं पलीकडे सरकवलं. "मिरचीच्या खकाण्यातबी तिले वास आला मॅडम," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच रडली.

जंतूंचं नाव तिच्या लेखी काहीच नव्हतं. पोतं सरकलं, हे होतं. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी 'प्रेरणा' या रकान्यात मी तेच लिहिलं : शेजारणीनं पोतं सरकवलं.

घरी मात्र पोत्याची गोष्ट सांगून भागणार नव्हतं. म्हणून आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य तयार केलं. गर्भपिशवीच्या तोंडाला सूज आहे, औषध दोघांचं सोबतच असतं, आणि तीन महिने निरोध वापरा असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. सूज खरी, जोडीनं औषध खरं, डॉक्टरांचा सल्लाही खरा. फक्त 'तीन महिने' हे मी माझ्या पदरचं घातलं, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं होतं म्हणून. सूज कशानं आली एवढंच वाक्यात नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणूनच ते घरात बोलता येणार होतं. असं अर्धं सांगणं बरोबर की चूक, यावर आमच्या खोलीत दोन मतं आहेत. माझं मत : जिला रात्री त्याच खोलीत झोपायचंय तिनं ठरवावं.

नवऱ्याच्या वाट्याची राखाडी डबी तिच्यासोबत दिली. त्यानं ती तिच्यासमोर घेतली. का कशाला, काही विचारलं नाही. एप्रिल ते जुलै निरोध वापरला. ती आठ दिवसांत बरी झाली, सातऱ्याचा हंगाम पूर्ण केला. मी फाइलवर समाधानानं खूण केली.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती पुन्हा दारात उभी. पांढरं, जळजळ, सगळं तेच.

"तीन महिने झाले ना," ती म्हणाली. "ते म्हणाले, कोर्स संपला."

मी कपाळाला हात लावला. त्यानं आज्ञा अक्षरशः पाळली होती. कॅलेंडरवर दिवस मोजून पाळली होती आणि मुदत संपल्यावर सोडली होती. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचे जे दोन ढोबळ प्रकार सांगितले, एक आपल्या पटण्यातून आलेली आणि एक बाहेरच्या दाबानं आलेली, त्यातली दुसरी इथे शाळेच्या उदाहरणासारखी समोर उभी होती. दाब हटला की वागणं हटतं. मी त्याला कारण उसनं दिलं होतं आणि वर परतफेडीची तारीखही घातली होती.

तरी त्या उसन्या कारणाला मी वाया गेलं म्हणणार नाही. त्या चार महिन्यांत एक गोष्ट झाली होती जी मला उशिरा कळली. बाईनं बरं राहून पाहिलं होतं. आता परत आजारी पडल्यावर तिच्याकडे तुलना होती. या वेळी मी कोणतंही वाक्य तयार करून दिलं नाही, तिनं स्वतःच घरी जाऊन बोलणं केलं. नंतर मला सांगितलं ते असं : "मी म्हटलं, पोरीचे बाबा, तुम्ही दवाखान्यात आल्याबिगर मी औषध घेणार नाई. आन् मी सातऱ्यावर नाई गेली तं किराणा तुम्ही भराल का महिनाभर?"

दोन दिवसांनी तो आला. उंच, बारीक, हातात किल्ल्यांचा जुडगा, बोटानं सारखा फिरवत होता. त्या दिवशी ट्रक कापसीला भरायला लावून आला होता आणि त्याला तासाभरात परत जायचं होतं.

आता माझी चूक. वेळ कमी म्हणून मी फ्लिपचार्ट काढला. जखमांची चित्रं, एक एक पान. एचआयव्ही होऊ शकतो, म्हटलं. त्यानं तिसऱ्या पानावर हात ठेवला. "मॅडम, काल रात्री रस्त्यात दोन गाड्या उलट्या पाहिल्या मी. एकाचा डायव्हर अजून केबिनमधीच होता. मरायचंच असन तं तिथं आधी मरीन." औषध घेतलं, रक्त दिलं, तपासण्या निगेटिव्ह आल्या, आणि निरोधाची पाकिटं टेबलावरच सोडून तो गेला.

भीती वापरणं सोपं असतं, बोलणाऱ्याला आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण ज्याचा रोजचा धंदा भीती गिळण्याचा आहे त्याला अजून एक घास दिल्यानं काय होणार? शिवाय या आजाराला दर वेळी खूण नसते. ज्या जंतूंमुळे त्याच्या बायकोला हे होत होतं त्यांचा संसर्ग पुरुषाला अनेकदा काहीच न जाणवता राहतो. उलटी गाडी डोळ्यांना दिसते.

दिवाळीच्या आधी तो स्वतःहून आला, रक्त पुन्हा तपासायचं म्हणून. या वेळी मी चित्रं काढली नाहीत. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी घडवलेल्या प्रेरणादायी मुलाखतीच्या, म्हणजे बदलायचं कारण माणसाच्याच तोंडून काढण्याच्या, पद्धतीत एक प्रश्न आहे, वरून बावळट वाटतो पण मला त्याच्याइतका उपयोगी दुसरा सापडला नाही. शून्य ते दहा. निरोध वापरणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, भाऊ?

"चार."

इथे तोंडावर येतं, चारच का? तो विचारायचा नसतो. तसं विचारलं की माणूस का नको याची यादी देतो आणि बोलता बोलता स्वतःलाच पटवत जातो. मी विचारलं, दोन का नाही?

किल्ल्या फिरायच्या थांबल्या. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "घरची पोट धरून बसते ना, तवा ती पोरीले हाका मारते. पाणी दे, गरम पिशवी दे. पोरगी नऊची आहे. मी तवा दुर्गच्या पुढे असतो." पुन्हा गप्प. "पोरीनं मले फोनवर विचारलं, आईले काय होते. मी म्हटलं, मिरची."

घरात सगळ्यांचं एकच कारण ठरलं होतं, मिरची. आणि ते कारण त्याला मुलीला सांगावं लागलं, हे त्याला बोचत होतं.

जमेल का, तेही शून्य ते दहा विचारलं. "नऊ! लावलं की झालं, त्यात काय." मग त्यानं सांगितलं की बाहेर तो पूर्वी वापरायचाच. नव्या ठिकाणी बाईच आधी म्हणते, लाव नाहीतर चल. पण वाटेवरच्या एका धाब्यामागे एकजण ओळखीची झाली होती, वर्षभराची. तिच्याकडे चहा मिळायचा, कधी डब्यात भाजीही. तिथे निरोध सुटला. "आता ओळखीच्या माणसाले काय म्हणायचं?" हे वाक्य मी या खोलीत इतक्यांदा ऐकलंय की भिंतीवर लिहून ठेवावं. अनोळखीपाशी माणूस सावध असतो. ओळख झाली की निरोध म्हणजे अविश्वास. घरी तो नको कारण बायको, धाब्यामागे नको कारण ती बायकोसारखी. जिथे सगळ्यात जास्त वेळा जाणं, तिथेच उघडं.

हे त्यानं मला सांगितलेलं. त्याच्या संमतीशिवाय मी ते तिला सांगू शकत नाही, आणि सांगितलंही नाही. तिनं मला कधी विचारलं नाही. तिला माहीत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही.

त्या दिवशी आमचं उद्दिष्टच बदललं. आतापर्यंत मी घरातल्या निरोधामागे लागले होते, जिथे त्याचा विषय काढणं सगळ्यात अवघड. त्यानं विचारलं, "बाहेर प्रत्येक वेळी लावलं, आन् दोघांचं औषध पूर्ण झालं, तं घरी नाई लावलं तरी चालन का?" मी म्हटलं, बाहेर 'प्रत्येक वेळी' म्हणजे खरंच प्रत्येक वेळी, ओळखीची धरून. आणि शेवटच्या चुकीनंतर तीन महिन्यांची तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत घरीही. त्यानं मान हलवली नाही, हिशेब केला. "म्हणजे जानेवारी." ही तारीख त्यानं काढली, मी नाही. ती माझ्या तारखेसारखीच निघाली असती, पण तिच्यामागे फोनवरचा तो प्रश्न होता.

जानेवारीची तपासणी निगेटिव्ह आली. दर दोन महिन्यांनी तो पाकिटं न्यायला येऊ लागला. मी पुन्हा आकडा विचारला. महत्त्व आठ. जमणं पाच.

पाच? नऊवरून?

"आता करून पाहिलं ना मॅडम," तो हसला. प्रेरणा नव्हती तेव्हा सगळं सोपं वाटत होतं. वापरायला लागल्यावर अडचणी कळल्या. दोन पेग झाल्यावर हात पाकिटाकडे जात नाही. धाब्यामागची आधी नाराज झाली, मग म्हणाली, बरंच झालं, तिलाही तेच म्हणायचं होतं कधीपासून. (हे ऐकून मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं. वर्षभर तीही उसनं कारण शोधत बसली होती की काय.)

मे महिन्यात, एका सोमवारी दुपारी, त्याचा फोन आला. निरोध फाटला होता. कधी? गुरुवारी रात्री. मी बोटांवर मोजलं, ७२ तास उलटून गेले होते. एचआयव्हीची शक्यता असलेल्या संपर्कानंतर २८ दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधं त्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. सांगितलं नव्हतं. एचआयव्ही मदतवाहिनीचा १०९७ हा मोफत क्रमांकही त्याच्याकडे नव्हता. आज तो क्रमांक माझ्या प्रत्येक ट्रकवाल्याच्या पाकिटावर पेनानं लिहिलेला असतो.

तो आल्यावर मी विचारलं, पाकिटं ठेवता कुठे? त्यानं सहज सांगितलं, समोर, देवाच्या फोटोमागे, काचेपाशी. नागपूरचा मे महिना. बाहेर पारा ४५ च्या वर, उन्हात उभ्या ट्रकच्या काचेमागे त्याहून कितीतरी जास्त. रबर तिथे महिनाभर भाजत होतं. आणि कोरडं वाटलं म्हणून वर खोबरेल लावलेलं. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, ते खोबरेल असो की मोहरीचं. पाण्यावर आधारलेलं जेल चालतं. हे एवढं साधं सांगायला मला पंधरा महिने लागले, कारण तोवर मी त्याच्या मनातच डोकावत बसले होते आणि केबिनमध्ये पाहिलं नव्हतं.

केबिनमध्ये सगळ्यात थंड जागा कोणती, यावर आमची दहा मिनिटं गेली. क्लीनरच्या सीटखाली इंजिन तापतं. दाराच्या कप्प्यात ऊन. शेवटी त्यानंच शोधली : पाण्याच्या कॅनच्या जाड गोणपाटाच्या आवरणात, बाहेरच्या खिशात. ते आवरण तो दर पंपावर ओलं करतो. पाकीट भिजू नये म्हणून तंबाखूची जुनी डबी.

तो फाटलेला प्रसंग निभावला. घरी पुन्हा तीन महिने, त्याच्याच हिशेबानं. ऑगस्टमधली तपासणी निगेटिव्ह.

तिला त्या वर्षात एकदाही राखाडी डबी लागली नाही. डिसेंबरमध्ये सातरा सुरू झाला तेव्हा ती आली, नेहमीसारखी हात पदराखाली धरून. तपासायचं काही नव्हतं. मी सवयीनं चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं.

"चिठ्ठी नको मॅडम. पाकिटं द्या, जास्त द्या. ते उद्या पहाटे रायपूरले निघून राहिले, त्यायले यायले वेळ नाई." मग पिशवीतून तंबाखूची एक डबी काढून टेबलावर ठेवली, धुऊन पुसून लख्ख केलेली. "यात किती बसते ते पाहून द्या."